‘त्याला काय कळतंय?’ : विशेष मुलांच्या सहलीबद्दलचे गैरसमज

मे महिना जवळ आला की विशेष मूल असलेल्या घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं. आत्या म्हणते, शेजारच्या काकू म्हणतात, कधी आजीसुद्धा म्हणते, “त्याला कशाला नेता? त्याला काय कळतंय? त्याचेही हाल आणि तुमचेही.” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. पण याच वाक्यापायी कितीतरी घरांत बाबा मोठ्या मुलीला घेऊन कोकणात जातात आणि आई धाकट्यापाशी घरीच राहते. म्हणून ते एकदा नीट तपासायला हवं.

आधी ‘कळत नाही’ हे घेऊ. सेरेब्रल पाल्सीत हालचाली सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागांना इजा झालेली असते. शब्द अडखळत येणाऱ्या, मान सावरू न शकणाऱ्या अशा अनेक मुलांची समज त्यांच्या वयाला साजेशी असते. बोलता येत नाही म्हणून समजत नाही, असा निकाल आपणच देऊन टाकतो. आणि बौद्धिक अक्षमता असली तरी पायाखालून सरकणारी वाळू, धबधब्याचे तुषार, आगगाडीचा ठेका अनुभवायला बुद्ध्यांक लागत नाही. दोन वर्षांच्या बाळाला आपण महाबळेश्वरला नेतो, तेव्हा ‘त्याला काय कळतंय’ असं कुणी विचारत नाही. आणि विशेष मुलासाठी नवस बोललेला असला, तर त्याला खांद्यावर घेऊन जेजुरीच्या पायऱ्या चढा म्हणणारे हेच नातेवाईक असतात. तेव्हा हाल आठवत नाहीत. देवाच्या दारी नेता येणारं मूल समुद्रावरही नेता येतं.

आता ‘हाल’. ते होतात, नाकारण्यात अर्थ नाही. पण कशाने होतात? दहा-बारा वर्षांच्या मुलाचा डायपर बदलायला हायवेवर जागा नसते. असलंच तर तान्ह्या बाळांपुरतं फळकूट असतं. मग गाडीच्या मागच्या सीटवर, चादर आडवी धरून ते काम उरकावं लागतं. वाटेत ही वेळ येऊ नये म्हणून आया मुलांना पाणी कमी पाजतात. हॉटेलात लिफ्ट असते, पण लिफ्टपर्यंत चार पायऱ्या असतात. खोली प्रशस्त असते, पण बाथरूमच्या दारातून व्हीलचेअर आत जात नाही. स्वमग्न मुलाला बुफेच्या हॉलमधला गोंगाट सोसत नाही आणि शांत कोपऱ्यात ताट आणून द्यायला वेटर तयार नसतो. यातली एक तरी अडचण मुलाच्या अंगात आहे का? सगळ्या अडचणी बांधकामात आणि वागणुकीत आहेत, आणि दोन्ही बदलता येतात.

सहल ही चैन आहे, असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने २००७ साली शिक्कामोर्तब केलं. त्याच्या ३०व्या कलमात खेळ, करमणूक आणि पर्यटनस्थळी प्रवेश यांचा स्पष्ट उल्लेख आहे. आपला २०१६चा दिव्यांग हक्क कायदा खासगी आस्थापनांनाही लागू आहे. सुगम्यतेचे नियम नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, किमान नियम बंधनकारकच हवेत, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये राजीव रतुरी खटल्यात बजावलं. तेव्हा रॅम्प मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे.

आणखी काही गैरसमज थोडक्यात.

‘विमानात घेतीलच असं नाही.’ मे २०२२मध्ये रांची विमानतळावर एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिलं नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्या विमान कंपनीला ५ लाख रुपये दंड केला आणि त्याच वर्षी नियम कडक केला: केवळ दिव्यांगत्वामुळे प्रवास नाकारता येत नाही. वाटेत प्रकृती बिघडेल अशी शंका कंपनीला आली, तर प्रवाशाला प्रत्यक्ष तपासून डॉक्टरने मत द्यायला हवं. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने नव्हे. मदत लागणार असल्याचं मात्र ४८ तास आधी कळवा.

‘कोविडनंतर रेल्वेची सवलत बंद झाली.’ बंद झाली ती ज्येष्ठ नागरिकांची. सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रवाशाला स्लीपर आणि थ्री एसीत ७५ टक्के, टू एसीत ५० टक्के सवलत आजही आहे, आणि सोबतच्या एका व्यक्तीलाही तेवढीच. रेल्वेच्या नमुन्यातला दाखला आधी काढून ठेवा.

‘रॅम्प आहे म्हणाले, म्हणजे सोय आहे.’ एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, असं प्रमाण आहे. सहा इंचांच्या पायरीवर टाकलेली दोन फुटी फळी रॅम्प ठरत नाही. फोनवर ‘सोय आहे ना?’ असं न विचारता बाथरूमच्या दाराची रुंदी आणि पायऱ्यांची संख्या विचारा, फोटो मागवा.

‘किल्ले आणि समुद्र त्यांच्यासाठी नाहीत.’ रायगडाचा रोपवे १९९६पासून आहे. वर पायऱ्या आहेतच, पण गडाची हवा आणि खालची दरी त्याआधीच भेटते. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर २०२२मध्ये व्हीलचेअरसाठी पाण्याजवळ नेणारा लाकडी मार्ग बांधला गेला. गोव्यात जानेवारी २०२३मध्ये दिव्यांगांसाठी पहिला पर्पल फेस्ट झाला. आपल्या कोकण किनाऱ्याने हे का करू नये?

‘फिट येते, मग प्रवास नकोच.’ डॉक्टरांशी बोलून बहुतेक मुलं प्रवास करू शकतात. औषधं हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, चिठ्ठी सोबत घ्या, डोस चुकवू नका आणि झोप मोडू देऊ नका. अपुरी झोप आणि चुकलेला डोस ही फिट येण्याची नेहमीची कारणं आहेत.

‘स्वमग्न मुलांना नवी जागा चालतच नाही.’ अचानक आलेली नवी जागा चालत नाही. आठवडाभर आधीपासून स्टेशनचे, खोलीचे, पलंगाचे फोटो क्रमाने दाखवा. घरची उशी, ओळखीचा डबा सोबत न्या.

‘मुलाला ठेवून आईबाप फिरायला गेले तर ते निष्ठुर.’ सांभाळणाऱ्यालाही विसावा लागतो. राष्ट्रीय न्यासाने ‘समर्थ’ योजना आखली, तीत अशा तात्पुरत्या सांभाळाचा विचार आहे. मावशी-काकांनी चार दिवस मूल सांभाळलं, तर तीही मोठी मदत.

नातेवाइकांना एवढंच सांगणं आहे: ‘त्याला काय कळतंय’ हा प्रश्न आता सोडा. काळजी वाटते ना? मग त्या आईबाबांऐवजी तुम्ही चार हॉटेलांना फोन करा, दारं आणि पायऱ्या विचारा, आणि शक्य असेल तर त्या सहलीला सोबत जा. आईला बाहेर एक जेवण निवांत बसून जेवता आलं, तरी तुमचं जाणं कामी आलं.