गोष्ट कुठून सुरू होते?

चिखली तालुक्यातल्या एका गावी चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला आम्ही गेलो होतो. चौथीतली एक मुलगी भाषणाला उभी राहिली. आवाज खणखणीत. पण तिच्या भाषणात बाबासाहेबांनी आधी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि मग महाडच्या तळ्याचे पाणी प्याले! विहारात टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. नंतर तिला जवळ बोलावून विचारले, "बाबासाहेबांनी धर्म का सोडला?" पोरगी गप्प झाली.

दोष तिचा नाही. आम्ही मुलांना भाषणे पाठ करायला लावतो, गोष्ट समजून सांगायला शिकवत नाही. शाळेच्या पुस्तकात 'घटना योग्य क्रमाने लावा' असा प्रश्न असतो. मुले गाईडमधून आकडे उतरवतात, गुण मिळतात, विषय संपतो. परंतु हा प्रश्न दोन गुणांचा नाही. क्रम हरवला की कारण हरवते आणि कारण हरवलेला माणूस कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवतो.

पुढच्या रविवारी त्याच विहारात आम्ही चार चिठ्ठ्या घेऊन बसलो. महाडच्या तळ्याचे पाणी घेतले. काळाराम मंदिराचे दार उघडले नाही. येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा झाली. नागपूरला धम्मदीक्षा झाली. साल मुद्दामच लिहिले नाही. मुले भांडू लागली. शेवटी एक पोरगा म्हणाला, "दार उघडलंच नाई, म्हनून त धर्म सोडाचं ठरोलं. मंग दाराची चिठ्ठी आंधी ठेवा लागन." त्याला एकही तारीख ठाऊक नव्हती, पण कारण सापडले होते. मग आम्ही तारखा सांगितल्या : २० मार्च १९२७, २ मार्च १९३० ला सुरू झालेला सत्याग्रह, १३ ऑक्टोबर १९३५ आणि १४ ऑक्टोबर १९५६. भाषणवाल्या मुलीने बोटांवर हिशेब केला आणि विचारले, "घोषणा केल्यावर एकवीस वर्षं कायले लागले?" क्रम लागला, तेव्हाच हा प्रश्न तिला पडला. ज्यांना बाबासाहेबांचे धर्मांतर म्हणजे रागाच्या भरातला निर्णय वाटतो, त्यांना या पोरीच्या प्रश्नातच उत्तर आहे.

हे शिकवायला पैसा लागत नाही. लहान मुलांना आधी त्यांचीच सकाळ सांगायला लावा : उठलो, पाणी भरले, शाळेत गेलो. मग ऐकलेल्या गोष्टीची तीन चित्रे द्या, पुढे पाच चिठ्ठ्या. दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये 'मग' बसतो की 'म्हणून', हे दरवेळी विचारा. 'मग' फक्त वेळ सांगतो, 'म्हणून' कारण सांगतो. एखादी चिठ्ठी लपवा आणि गोष्ट कुठे तुटते ते मुलांनाच शोधू द्या.

मोठ्या मुलांसाठी तर आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिले. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती निघाल्या, किंमत नऊ आणे. पुरुषांवर एवढी कडाडून टीका का? गोष्ट इथून सुरू केली तर ताराबाई भांडखोर ठरतात, आणि त्यांच्या काळाने त्यांना तसेच ठरवले. पण गोष्ट इथून सुरू होत नाही. १८८१ साली सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचे मूल मारल्याचा खटला झाला. तिला फाशी सुनावली, पुढे ती शिक्षा कमी झाली. तिला पुन्हा लग्नाची बंदी कुणी घातली, हे कुणी विचारले नाही. उलट 'पुणे वैभव' या पत्राने साऱ्या स्त्रीजातीलाच दोष दिला. म्हणून ताराबाईंनी लेखणी उचलली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मृतीत गेले, ते १९७५ साली डॉ. स. गं. मालशे यांनी पुन्हा छापले. सुरतेची चिठ्ठी पहिली ठेवा, म्हणजे ताराबाईंचा राग हे उत्तर आहे हे मुलांना आपोआप दिसते.

आजही वेगळे काय चालले आहे? वस्तीवर हल्ला होतो, तरुण रस्त्यावर येतात आणि बातमी दगडापासून सुरू होते! दगडाच्या आधीच्या चिठ्ठ्या कोण लपवतो? गोष्ट कुठून सुरू करायची हे ज्याच्या हातात, गुन्हेगार ठरवणेही त्याच्याच हातात.

ॲट्रॉसिटीची फिर्याद द्यायला गेलेला आपला माणूस घाबरलेला असतो. शेवटचे आधी सांगतो, मधले विसरतो. कोर्टात उलटतपासणी होते तेव्हा वकील नेमके त्याच फटीत बोट घालतो. कायदा १९८९ साली मिळाला. पण आधी काय झाले, कोण आले, काय बोलले, नंतर काय केले, हे न डगमगता सांगणारी जीभ कायद्याने मिळत नाही. ती लहानपणीच घडवावी लागते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे. जयंतीला डीजे, मिरवणूक, बॅनर होतातच. विहारात रविवारचा एक तास मुलांसाठी काढा. खर्च एका वहीच्या कागदाचा. ज्या पोराला आज चार चिठ्ठ्या नीट लावता येतील, त्याच्या आजोबांची गोष्ट उद्या कुणी उलटी सांगू लागले, तर तो उभा राहील आणि म्हणेल, थांबा, तुम्ही पहिली चिठ्ठी लपवली आहे.