पीएच.डी.पर्यंत कोण पोहोचतं? घर, वेळ आणि वाटेची माहिती

आजचा विषय आहे कौटुंबिक पार्श्वभूमी आणि पीएच.डी.चं शिक्षण. विषय ऐकल्यावर कुणालाही एक शंका येईल. शाळेत आणि बारावीला घरच्या परिस्थितीचा परिणाम होतो, हे सगळ्यांना मान्य आहे. पण जो मुलगा किंवा मुलगी एम.ए., एम.एस्सी. पार करून पुढे आली, तिच्या बाबतीत घराचा प्रश्न मागे पडलेला नसतो का? एवढ्या चाळण्यांतून आल्यावर आता फक्त बुद्धी आणि कष्ट यांचाच हिशेब उरतो, असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतक कितपत टिकतं, ते आज पाहू या.

आधी आकाराचा अंदाज घेऊ. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षणात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते. त्यांपैकी पीएच.डी.ला होते सुमारे २ लाख १२ हजार. म्हणजे साधारण दोनशे विद्यार्थ्यांमागे एक. २०१४-१५ मध्ये हा आकडा १ लाख १७ हजार होता, तेव्हा वाढ मोठी आहे. मुलींची संख्या याच काळात ४८ हजारांवरून ९९ हजारांपर्यंत, म्हणजे दुपटीवर गेली. ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या दोनशेंतल्या एकाचे आई-वडील किती शिकलेले आहेत? हे सर्वेक्षण विद्यार्थ्याचं लिंग विचारतं, सामाजिक प्रवर्ग विचारतं, अपंगत्व विचारतं. आई-वडिलांचं शिक्षण विचारत नाही. अमेरिकेत पीएच.डी. पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाकडून एक अर्ज भरून घेतात. १९५७ पासून दरवर्षी हे चालू आहे, आणि त्यात आई-वडिलांच्या शिक्षणाचा रकाना आहे. त्यामुळे या विषयावरचा बराचसा अभ्यास तिकडचा आहे. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो आणि मग आपल्याकडे येतो.

पहिली. रॉबर्ट मेअर या समाजशास्त्रज्ञाने १९८० च्या सुमारास दाखवलं, की शिक्षणाच्या एकेका पायरीवर घरच्या पार्श्वभूमीचा परिणाम कमी कमी होत जातो. कारण सोपं आहे. गरीब घरातून जे वरपर्यंत टिकतात ते आधीच फार निवडक असतात. आपलं सुरुवातीचं गृहीतक याच निष्कर्षाशी जुळतं.

दुसरी. २००३ साली मलन, गोयेट आणि सोअर्स यांनी पदवीनंतर कोण कुठे जातं ते तपासलं. एम.बी.ए.ला जाण्यावर आई-वडिलांच्या शिक्षणाचा परिणाम दिसला नाही. इतर मास्टर्स पदव्यांवर थोडासा दिसला. पण डॉक्टर-वकिलीसारख्या व्यावसायिक पदव्या आणि पीएच.डी. इथे तो पुन्हा जोरदार होता. तो बराचसा आडवाटेने येतो, हेही त्यांना आढळलं: पदवी कुठल्या कॉलेजातून घेतली, तिथे कामगिरी कशी झाली, स्वतःकडून अपेक्षा काय आहेत, यांतून.

तिसरी. २०२२ साली अमेरिकेतल्या सात हजारांहून अधिक प्राध्यापकांची पाहणी प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण लोकसंख्येशी तुलना केली, तर प्राध्यापकाच्या आई किंवा वडिलांकडे पीएच.डी. असण्याची शक्यता २५ पटींपर्यंत जास्त निघाली. म्हणजे खाली विरत गेलेला घराचा प्रभाव शेवटच्या मजल्यावर परत वर येतो.

असं का होतं? मला यात तीन गोष्टी दिसतात: थांबण्याची ताकद, वाटेची माहिती आणि बोलण्याची सवय. एकेक घेऊ.

थांबण्याची ताकद

पीएच.डी.चा खर्च म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फी येते. सरकारी विद्यापीठात खरा खर्च फीचा नसतो, न मिळालेल्या पगाराचा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला किमान तीन वर्षं लागतात आणि कमाल मुदत सहा वर्षं आहे. त्याआधी नेट-सेटच्या तयारीचं एखाददुसरं वर्ष धरा. ज्या वयात घर कमाईची वाट पाहत असतं, नेमकी तीच ही वर्षं.

आता समजा, दोघंजण एकाच विभागात, एकाच गुणांनी एम.ए. झाले. एकाचे वडील पुण्यात बँकेत, आई शिक्षिका. दुसरीचे आई-वडील बीड जिल्ह्यातून दर हंगामात ऊसतोडीला जाणारे. पहिल्याचं घर म्हणतं, ‘कर तू, बघू नोकरीचं.’ दुसरीचं घर तिच्यावर तितकंच प्रेम करत असेल, पण त्याला विचारावं लागतं, ‘बाई, अजून किती वर्षं?’

यावर उपाय म्हणून फेलोशिप आहे. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. पुढच्या टप्प्यात ती ४२,००० होते, घरभाडं वेगळं. रक्कम चांगली आहे. पण नेट उत्तीर्ण होणाऱ्यांपैकी थोड्यांनाच जेआरएफ मिळते. त्यासाठी वयाची अटही आहे, ३० वर्षं. महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे. पण घर सावरायला पाच-सात वर्षं नोकरी करून जो परत येतो, त्याच्यासाठी हे दार अरुंद झालेलं असतं. जेआरएफ नसलेल्यांसाठी केंद्रीय विद्यापीठांत महिना ८,००० रुपयांची योजना आहे. ती आपल्या राज्य विद्यापीठांना लागू नाही. मग पुण्यात, छत्रपती संभाजीनगरला किंवा कोल्हापूरला नोंदणी केलेला संशोधक काय करतो? तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे. सुट्टीत तास नाहीत, म्हणून पैसेही नाहीत. आणि संशोधन राहतं रात्रीवर.

महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था फेलोशिप देतात, आणि त्यांच्यामुळे पहिल्या पिढीतले अनेकजण संशोधनात टिकले हे मान्यच करायला हवं. पण गेल्या काही वर्षांत याच योजनांच्या संशोधकांनी पुण्या-मुंबईत वारंवार आंदोलनं केली. त्यांची एक मागणी नीट ऐकण्यासारखी आहे: फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून द्या.

या मागणीचा अर्थ समजून घ्या. समजा, फेलोशिप वर्षभराने एकरकमी आली. कागदावर दोघांनाही सारखे पैसे मिळाले. पण बँकेतल्या वडिलांचा मुलगा ते वर्ष घरच्या पैशावर काढतो. त्याच्यासाठी उशीर म्हणजे गैरसोय. ऊसतोड मजुरांच्या मुलीला खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे दर महिन्याला द्यायचे असतात. तिच्यासाठी तोच उशीर म्हणजे संशोधन सोडून मिळेल ती नोकरी धरणं. म्हणजे जी योजना घराचा फरक पुसायला आणली, ती उशिरा पोहोचली की पुन्हा घरानेच निवड करते.

थांबण्याची ताकद नसताना काय होतं, याचं आपल्या सर्वांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९१३ साली वडील वारले आणि त्याच वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ मध्ये लंडनला पोहोचले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, त्यातली बचत, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या मित्राकडून घेतलेलं कर्ज, आणि १९२० साली पुन्हा लंडन. तिथली डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळाली. कोलंबियाचा प्रबंध १९२५ साली छापून निघाला आणि पीएच.डी. १९२७ मध्ये हाती आली. मधल्या काळात मुंबईत रमाबाईंनी घर कसं चालवलं, ते वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांच्या बुद्धीबद्दल प्रश्नच नव्हता. तरी पैसा थांबला तिथे अभ्यास थांबला.

वाटेची माहिती

दुसरी गोष्ट पैशाची नाही. पीएच.डी.चे लेखी नियम संकेतस्थळावर असतात, पण बरेचसे नियम लेखी नसतात. साधा मुद्दा घ्या: गाईड. नियमाप्रमाणे एका प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. विभागात पदं रिक्त असतील तर जागा आपोआप कमी होतात. मग कुणाकडे जागा रिकामी होणार आहे, कुणाच्या विषयात आपलं काम बसेल, आधी जाऊन भेटावं का, सिनॉप्सिस किती पानांचा असावा, हे कोण सांगणार? घरात किंवा नात्यात प्राध्यापक असेल तर या गोष्टी जेवताना कळतात. नसेल तर ‘पेट’ उत्तीर्ण होऊनही मुलं गाईड शोधत महिनोन्‌महिने फिरतात.

इथे कमला सोहोनींचं उदाहरण पाहू. कमला भागवत, दुर्गा भागवतांची बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने झाल्यावर त्यांनी बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. मुलगी म्हणून सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला. त्या मागे हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना घेतलं गेलं, आणि १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. त्यांच्या जिद्दीचं कौतुक आपण करतोच. पण एक तपशील अनेकदा सुटतो: त्यांचे वडील आणि काका दोघंही त्याच बंगळुरूच्या संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. ही संस्था काय आहे, तिथे काय शिकता येतं, नकार आला तरी दार पुन्हा का ठोठवावं, हे त्या घराला माहीत होतं. स्त्री म्हणून झालेला अन्याय खरा होता. त्याच्याशी झगडायला घरातून मिळालेलं बळही खरं होतं. ज्या मुलीला ते बळ नसतं, तिचा अर्जच जात नाही, म्हणून तिला नाकारल्याची नोंदही कुठे राहत नाही.

आज नियमांत महिलांना दोन वर्षं जादा मुदत आहे, शिवाय २४० दिवसांपर्यंत प्रसूती आणि बालसंगोपन रजा आहे. पण हा लाभ नोंदणीनंतरचा. ‘आता लग्नाचं बघू’ हा निर्णय बऱ्याच घरांत नोंदणीच्या आधी झालेला असतो.

बोलण्याची सवय

तिसरी गोष्ट मुलाखतीची. २०२४ पासूनच्या पद्धतीत नेटच्या गुणांवर पीएच.डी. प्रवेश देताना परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भार आहे. जेआरएफ असेल तर निवड मुलाखतीवरच होते. मुलाखतीत विषय तपासला जातो, पण बोलण्याचा आत्मविश्वास, इंग्रजीतल्या संज्ञा सहज वापरणं, ‘मला हे माहीत नाही, पण मी असं शोधेन’ असं न घाबरता म्हणणं, यांचीही छाप पडते. फ्रान्समध्ये पिएर बुर्दिअ आणि पासरों यांनी १९६४ सालच्या अभ्यासात हाच मुद्दा मांडला. घरातून आलेली भाषा आणि वळण विद्यापीठाला नैसर्गिक गुणवत्ता वाटतं. वारशाने आलेली गोष्ट अंगची हुशारी म्हणून मोजली जाते.

आता कुणी म्हणेल, प्रत्येकाने पीएच.डी. कशाला करायची? नोकऱ्याही कुठे आहेत? बरोबर आहे. एखाद्या घराने हिशेब करून ‘नको’ म्हटलं, तर तो हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. पण विद्यापीठात कोण पोहोचतं यावर कुठले प्रश्न विचारले जातील ते ठरतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं आरोग्य, पाड्यावरची शाळा, कोरडवाहू शेतीतलं कर्ज, यांवर बाहेरचा अभ्यासकही चांगलं काम करू शकतो. तरी ज्यांनी ते जगलंय त्यांना वेगळे प्रश्न सुचतात. ती माणसं गळाली तर नुकसान आपल्या ज्ञानाचंही होतं.

काय करता येईल? फार मोठं काही मागायला नको. एक, फेलोशिप नोंदणीच्या तारखेपासून आणि दर महिन्याला. रक्कम वाढवण्याइतकंच वेळेवर देणं महत्त्वाचं आहे. दोन, प्रत्येक विभागाने गाईडकडच्या रिकाम्या जागा, मान्य झालेल्या सिनॉप्सिसचे नमुने आणि मुलाखतीचे निकष जाहीर करावेत, आणि एम.ए.च्या दुसऱ्या वर्षीच एक दिवस त्यावर बोलावं. याला खर्च जवळजवळ नाही. तीन, नोंदणीच्या अर्जात एक रकाना वाढवावा: आईचं शिक्षण, वडिलांचं शिक्षण. प्रवेशाच्या निर्णयासाठी तो वापरू नये, फक्त मोजणीसाठी. किती पहिल्या पिढीतले विद्यार्थी आले आणि त्यांतले किती प्रबंध सादर करेपर्यंत टिकले, हे दरवर्षी जाहीर झालं, तर कुठे गळती होते ते दिसेल.

ऐकणाऱ्यांत प्राध्यापक असतील, तर दुसऱ्या मुद्द्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. तुमच्या वर्गातल्या ज्या मुलीने पीएच.डी.बद्दल कधी विचारलं नाही, तिला तुम्हीच विचारा. आणि तुम्ही स्वतः घरातले पहिले असाल, तर रिकाम्या जागांबद्दल आणि सिनॉप्सिसबद्दल विभागात जाऊन विचारा, आधीच्या संशोधकांना गाठा. संकोच वाटेल, पण ही माहिती विचारल्याशिवाय मिळत नाही.

इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.