उष्णजल अभिसरण पंप
उष्णजल अभिसरण पंप : तापकातील गरम पाणी दूरच्या नळापर्यंत नेऊन परत तापकाच्या टाकीत आणणारा लहान केंद्रोत्सारी पंप. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील जुन्या घरांत तांब्याच्या बंबातील पाणी न्हाणीघरातच घंगाळात काढून घेत. त्यामुळे अशा पंपाची गरज नव्हती. छपरावर सौर जलतापक बसविल्यास मात्र नळमार्ग लांबतो. २० मिमी. आतील व्यासाच्या १५ मी. नळात सु. ४.७ लि. पाणी मावते; ते निवले की गरम पाणी येईपर्यंत तेवढे वाया जाते.

पंप निवडताना घराची उंची विचारात घ्यावी लागत नाही. अभिसरणाचे वलय पाण्याने पूर्ण भरलेले असल्याने चढत्या व उतरत्या नळांतील जलस्तंभ एकमेकांस तोलतात. पंपाला केवळ घर्षणाचा रोध पार करावयाचा असतो. म्हणून लहान पंप पुरतो. मोठ्या पंपाने वीज व्यर्थ जाते आणि अतिवेगाने तांब्याचे नळ झिजतात. पंपाचे कवच कासे किंवा अगंज पोलाद यांचे असावे. पाण्यातील ऑक्सिजनामुळे बिडाचे कवच गंजते.

पंप अहोरात्र चालू ठेवल्यास दिवसा साठविलेली सौर उष्णता रात्री नळांवाटे निघून जाते. त्यामुळे कालनियंत्रक, तापमान-नियंत्रक, एकदिश झडप आणि नळांना उष्णतारोधक वेष्टन आवश्यक असते. जुने जस्तलेपित नळ गंजाने अरुंद झाले असल्यास आधी ते बदलावेत. मार्ग दोन-तीन मीटरच असल्यास पंप अनावश्यक होय.