तपश्चर्येच्या दिवसांतील भोवळ

पर्युषण जवळ आले की अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावांतही जैन व्यापारी घरांत उपवासांचे संकल्प होऊ लागतात. शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ याच मालेगाव तालुक्यातले. त्यामुळे तपाची ओढ मोठी. अशा दिवसांत दुकानाच्या गादीवरून उठताना वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, पण व्रत मोडावे लागेल या भीतीने ते कोणाजवळ बोलत नाहीत. लपविलेली भोवळच पुढे पडण्याला आणि हाड मोडण्याला कारण होते.

चक्कर हा रोग नव्हे, लक्षण आहे. ती केव्हा व कशी येते हे नीट सांगितले, तर निदान सोपे होते.

उभे राहताच अर्धा लिटरहून अधिक रक्त पायांकडे उतरते. एरवी रक्तवाहिन्या आकुंचन पावून तोल सावरतात. परंतु शरीरात पाणी कमी असेल किंवा रक्तदाबाच्या गोळीचा अंमल अधिक झाला असेल, तर मेंदूला रक्त अपुरे पडते. म्हणून आधी बसावे, मिनिटभराने आधार धरून उठावे; अंधारी आलीच तर तत्काळ आडवे व्हावे.

कूस बदलताना क्षणभर घर गरगर फिरल्यासारखे वाटले, तर दोष बहुधा अंतःकर्णातील सूक्ष्म स्फटिक जागचे हलल्याचा असतो. तज्ज्ञ डॉक्टर डोके विशिष्ट क्रमाने वळवून ते पूर्ववत बसवितात. मधुमेह्याला घाम, थरथर व भोवळ एकदम आली आणि साखर 70 च्या खाली असेल, तर त्याच क्षणी साखर द्यावी.

चेहरा वाकडा होणे, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे, चालता न येणे, छातीत दुखणे किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही दिसल्यास 108 वर दूरध्वनी करावा. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते.

नियमित औषधे घेणाऱ्यांनी पच्चक्खाणापूर्वीच डॉक्टरांशी बोलावे. गोळी स्वतःहून बंद करू नये. तिविहार उपवासात उकळलेले पाणी सूर्यास्तापूर्वी पुरेसे घ्यावे. तत्त्वार्थसूत्रातील सोळा कारणभावनांतही तप शक्तीनुसार करावे असेच सांगितले आहे. तेव्हा उपवासाऐवजी एकासणे करणाऱ्या आजोबांना घरच्यांनी कमी लेखू नये. भोवळ आली का, हे मात्र रोज आपुलकीने विचारावे.