पैठणच्या गल्लीत रिव्हर्स टाकताना

फाल्गुन वद्य षष्ठीला नाथषष्ठीच्या यात्रेसाठी पैठणमध्ये दिंड्या उतरतात, तेव्हा जुन्या गावातल्या अरुंद गल्ल्यांत गाडी वळवायला जागाच उरत नाही. रिव्हर्स टाकावाच लागतो, आणि चालकाची खरी परीक्षा तिथे होते.

गिअरबॉक्समध्ये एकमेकांत अडकलेल्या दातेरी चाकांतून इंजिनाची ताकद पुढे जाते. रिव्हर्समध्ये त्यांच्या मधोमध आणखी एक चाक येते, त्याला आयडलर म्हणतात. त्यामुळे फिरण्याची दिशा उलटते. बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत या चाकांचे दाते सरळ कापलेले असतात. मागे जाताना ऐकू येणारी घरघर त्यांचीच. पुढच्या गिअरना वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय असते, रिव्हर्सला ती अनेकदा नसते. म्हणून गाडी पूर्ण थांबवावी, क्लच तळापर्यंत दाबावा, क्षणभर दम धरावा आणि मगच गिअर टाकावा. घाई केली की दाते करकरतात.

नवखे गोंधळतात ते स्टिअरिंगपाशी. ते डावीकडे फिरवले की मागे जाणाऱ्या गाडीची शेपटी डावीकडेच वळते, पण नाक उजवीकडे झुकते. सगळे लक्ष मागे असते आणि पुढचा कोपरा ओट्याला घासतो.

१ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. तरीही बारीक खांब किंवा बंपरलगत बसलेले मूल त्यांच्या टप्प्यातून निसटू शकते. त्यामुळे गाडीत बसण्याआधी मागे एक चक्कर मारावीच. गर्दीत सोबत्याला उतरवावे; त्याने गाडीच्या मागे नव्हे, तर बाजूला, आरशात दिसेल असे उभे राहावे. तो दिसेनासा झाला, तर ब्रेक दाबावा.