पडद्यावरचा कोतवाल

ग्रामसभेची तारीख असो, करवसुलीची इत्तला असो, की उद्या नळाला पाणी येणार नसल्याची वर्दी असो, मजकूर कोणाचाही असला तरी तो चावडीपासून वेशीपर्यंत लोकांच्या कानी घालण्याची जबाबदारी कोतवालाची, ही रीत वाशीम जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. लिनक्स या मुक्त प्रणालीतील सूचनांची व्यवस्था याच तत्त्वावर उभी आहे. टपाल आले, विजेरी उतरली, फाईल उतरवून झाली, असे प्रत्येक प्रोग्रॅमला सांगावयाचे असते. परंतु तो स्वतः पडद्यावर काही न रेखाटता आपला मजकूर ‘डी-बस’ नामक अंतर्गत टपालमार्गावर एका सर्वमान्य नावाने सुपूर्द करतो, आणि ते नाव ज्याने धारण केले असेल तोच पडद्याआडचा सेवक ती सूचना वापरणाऱ्यापुढे मांडतो. एका वेळी हे पद एकाचेच. म्हणूनच दुसरा सेवक आधीपासून चालू असेल तर नव्याला रुजू होता येत नाही, आणि नवशिक्यांची निम्मी तक्रार येथेच उगम पावते.

ग्नोम किंवा केडीई यांसारख्या भारदस्त मांडणीत हा सेवक आयताच मिळतो. मात्र दोन जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर ‘ओपनबॉक्स’ किंवा ‘आय-थ्री’ यांसारखा हलका खिडकी-व्यवस्थापक बसविला की हे पद रिकामे राहते, आणि तेथे नेमण्यास योग्य असा, सी भाषेत लिहिलेला व बीएसडी परवान्याने सर्वांस खुला असलेला प्रोग्रॅम म्हणजे ‘डन्स्ट’. डेबियनच्या भांडारातून तो एका आज्ञेत मिळतो, आणि घाई असेल त्याने तसाच घ्यावा. पण वाशीमच्या शासकीय तंत्रनिकेतनातील एखाद्या विद्यार्थ्याने मला विचारले, तर मूळ संहितेपासून तो स्वतः घडवून पाहा, असेच मी आग्रहाने सांगेन, कारण ही संहिता आटोपशीर आहे आणि यंत्राचे अंतरंग तिच्यातून उलगडत जाते.

‘गिट’ने संहिता उतरवून घ्यावी, संकलनाची साधने आणि डी-बस, जीलिब, पँगो, एक्स-रँडआर आदींची विकासक-पॅकेजे बसवावी, आणि ‘मेक’ ही आज्ञा द्यावी. येथे एक अडचण हमखास येते. ‘एक्सस्क्रनसेव्हर’ सापडत नाही, असे सांगून काम थांबते, आणि त्या नावाचे पॅकेज शोधू जाता ते भांडारात मिळत नाही; डेबियनमध्ये ते ‘लिबएक्सएसएस-डेव्ह’ या नावाने दप्तरी दाखल आहे. पडदा राखणाऱ्या या पॅकेजशी सूचनांचा संबंध काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. कळफलक आणि माऊस किती वेळ निश्चल आहेत हे डन्स्ट त्याच्याकडून जाणून घेतो, आणि खुर्चीवर कोणी नसताना आलेली सूचना, तशी तजवीज केली असल्यास, माणूस परत येईपर्यंत पुसत नाही. हा गुण मला फार मोलाचा वाटतो. ‘वेलँड’ या नव्या पडदा-व्यवस्थेची गरज नसेल तर ‘मेक वेलँड=०’ असे लिहून तो भाग वगळता येतो; त्यानंतर ‘सुडो मेक इन्स्टॉल’.

खरा अंमल ‘डन्स्ट-आरसी’ या साध्या मजकुराच्या फाईलचा. ती आपल्या घर-फोल्डरातील ‘.कॉन्फिग/डन्स्ट’मध्ये ठेवावी. कमी निकडीची, सामान्य आणि तातडीची अशा सूचनांच्या तीन श्रेणी असून प्रत्येकीचा रंग व मुदत तेथे ठरते. तातडीच्या सूचनेला मुदत शून्य लिहिली की हाताने दूर करीपर्यंत ती हलत नाही. नमुन्यादाखल दिलेला आठ आकाराचा टंक मराठीस अपुरा पडतो, कारण रफार, वेलांट्या आणि जोडाक्षरे त्यात गुदमरतात. त्याऐवजी ‘नोटो सान्स देवनागरी १२’ लिहावे. जोडणीचे काम पँगो चोख करतो. फेरबदल झाल्यावर ‘किलऑल डन्स्ट’ म्हणावे. पुढची सूचना येताच तो नव्या नियमांनिशी आपोआप हजर होतो.

आता प्रत्यक्ष उपयोग. कृषिपंपांना थ्री-फेज वीज पाळीने मिळते, कधी दिवसा तर कधी ऐन रात्री, आणि रबीच्या हंगामात रिसोड-मालेगावकडच्या शेतकऱ्याची झोप त्या पाळीला बांधलेली असते. हे वेळापत्रक, नेमल्या वेळी आज्ञा चालविणाऱ्या ‘क्रॉन’मध्ये भरून ‘नोटिफाय-सेंड’ या आज्ञेने ‘थ्री-फेज पंधरा मिनिटांत’ अशी तातडीची सूचना पडद्यावर आणता येते. मात्र क्रॉन आपल्या चालू सत्राबाहेर काम करीत असल्याने त्याला डी-बसचा पत्ता ठाऊक नसतो. तो ‘डीबस_सेशन_बस_ॲड्रेस’ या चलात लिहून दिला नाही तर आज्ञा वेळेवर सुटूनही पडद्यावर काहीच उमटत नाही. पहिल्या वापरकर्त्यासाठी हा पत्ता बहुधा ‘युनिक्स:पाथ=/रन/युजर/१०००/बस’ असा असतो. तो एकदा नोंदवावा, दोन मिनिटांनंतरची वेळ घालून दिवसाउजेडी पारख करावी, आणि मगच रात्रीच्या पाळीसाठी त्यावर भिस्त ठेवावी.