लॅपटॉप न उघडता रॅम ओळखा

गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर येथे ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने २०१२ साली महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांतील मुलामुलींना इंजिनिअरिंगचे शिक्षण घराजवळ आले. शिक्षण जवळ आले तरी लॅपटॉप मात्र बरेचदा मुंबईहून येतो. मामा नाहीतर थोरला भाऊ वापरलेला लॅपटॉप घेतो आणि गावी धाडतो. शिष्यवृत्तीची वाट पाहता पाहता हे पैसे पुष्कळदा उसने काढलेले असतात. दुकानदाराने 'मेमरी आठ जीबी' असे सांगितलेले असते. ते खरे की खोटे, हे पैसे मोजण्याआधीच कळले पाहिजे.

आधी एक गोंधळ दूर करू. दुकानात 'मेमरी' या एकाच शब्दाने दोन वस्तू विकल्या जातात. फोटो, फायली ठेवण्याची जागा म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. ती २५६, ५१२ जीबी अशी असते. काम चालू असताना यंत्र ज्यावर पसारा मांडते ती रॅम. ती ४, ८, १६ जीबी अशी. कपाट वेगळे आणि टेबल वेगळे. '५१२ जीबी मेमरी' ऐकून हुरळून जाऊ नये.

आता रॅम पाहण्यासाठी लॅपटॉप उघडायची काहीच गरज नाही. रॅमच्या पट्टीवर एक बारीकशी चिप असते. पट्टीची क्षमता, वेग आणि बनावट तिच्यात नोंदलेली असते. यंत्र सुरू होताना ती नोंद वाचली जाते. आपण फक्त यंत्राला विचारायचे. उगाच स्क्रू काढले तर वॉरंटीचे सील तुटते, प्लॅस्टिकच्या कड्या मोडतात, आणि खाऱ्या हवेत गंजलेल्या स्क्रूचे डोके झिजले की तो पुन्हा निघत नाही.

विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'परफॉर्मन्स' आणि मग 'मेमरी' निवडावे. वरच्या कोपऱ्यात एकूण रॅम दिसते. खाली 'स्लॉट्स यूज्ड'समोर '१ ऑफ २' असेल तर एक खाच रिकामी आहे, म्हणजे पुढेमागे रॅम वाढवता येईल. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' असेल तर रॅम बोर्डावरच डाग देऊन बसवलेली आहे. अशा यंत्रात खाचांचा आकडा फसवू शकतो, तेव्हा मॉडेलची माहिती काढूनच विश्वास ठेवावा. पट्टी कोणत्या पिढीची ते वेगावरून बहुधा कळते: १६०० असेल तर डीडीआर-३, २४००, २६६६ किंवा ३२०० असेल तर डीडीआर-४, ४८०० किंवा ५६०० असेल तर डीडीआर-५. एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. नवी पट्टी मागवण्याआधी हे पाहिले नाही तर पैसे पाण्यात.

पडद्यावर ८ ऐवजी '७.८ यूजेबल' दिसले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. चित्र दाखवणारा भाग थोडी रॅम आपल्यासाठी राखून ठेवतो. पण बसवलेली ८ आणि वापरता येणारी जेमतेम ३-४ असेल, तर बहुधा ३२-बिट विंडोज टाकलेले आहे. ते ४ जीबीच्या पलीकडे वापरू शकत नाही. प्रोसेसर ६४-बिट असल्यास ६४-बिट विंडोज टाकून घ्यावे, पट्टी बदलण्याचा खर्च करू नये.

पासवर्ड माहीत नाही किंवा विंडोजच नाही, अशी सबब पुढे आली तर? यंत्र सुरू करताच एफ२ (काही कंपन्यांत एफ१० किंवा एफ१) पुन्हा पुन्हा दाबावे. बायोसचा पडदा येतो आणि त्यावरही रॅम लिहिलेली असते. बाहेर चिकटवलेल्या स्टिकरपेक्षा हा पडदा खरा.

आकडा बरोबर असला तरी पट्टी सदोष असू शकते. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नोस्टिक' शोधून चालवावे. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते व तपासणी होते. वेळ लागतो, तेवढा वेळ दुकानात खुशाल बसावे. निकाल चांगला आला तर बिलावर 'रॅम ८ जीबी, डीडीआर-४' असे, जे पडद्यावर दिसले तेच, दुकानदाराच्या हाताने लिहून शिक्का मारून घ्यावा, आणि बिलाची एक प्रत गावी लॅपटॉपसोबत पाठवावी.